एक कसोटी आणि ३१५ बळी

मराठवाड्यात क्रिकेटचा विषय निघाला आणि त्यात इक्बाल सिद्दीकीचं नाव आलं, की पुढे दोन मतं ठरलेली. एक म्हणतं, "एकच तर कसोटी खेळला. दम असता तर पुढे खेळला नसता का?" दुसरं म्हणतं, "आपल्या भागातला पडला, पाठीशी कुणी नव्हतं, म्हणून एका कसोटीवर बोळवण केली." किल्लारीच्या पारावर काय किंवा लातूरच्या मैदानाबाहेर काय, ही दोन मतं एकमेकांशी तावातावानं भांडताना मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. भांडण इतकं जुनं झालं आहे की, भांडणाऱ्यांचं मुळातच एकमत आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. गोलंदाजाची किंमत तो किती कसोट्या खेळला यावरून ठरते, हे दोघांनाही मान्य आहे. पहिला त्या मापानं माणसाला कमी ठरवतो, दुसरा त्याच मापानं निवडणाऱ्यांना दोषी ठरवतो. माझं म्हणणं असं की मापच खोटं आहे. ते खोटं का, हे दाखवायचं आणि त्याच्या जागी खरं माप कोणतं हे सांगायचं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी हकिकत. सिद्दीकी औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. जन्म १९७४ चा. उजव्या हातानं मध्यमगती मारा करायचा. नव्वदच्या दशकात तो महाराष्ट्राच्या रणजी संघात आला, आणि थांबला तेव्हा ९० प्रथम श्रेणी सामने आणि ३१५ बळी त्याच्या नावावर जमा होते. भारताची कसोटी टोपी मिळाली ती डिसेंबर २००१ मध्ये, मोहालीत, इंग्लंडविरुद्ध. इंग्लंडचा पहिला डाव २३८ वर आटोपला, भारतानं ४६९ केल्या, इंग्लंडचा दुसरा डाव २३५ वर संपला. पहिल्या डावात हरभजन सिंगनं पाच आणि दुसऱ्या डावात अनिल कुंबळेनं सहा गडी बाद केले. सिद्दीकीला सामन्यात एक बळी मिळाला, ४८ धावांत. तळाला फलंदाजीला येऊन त्यानं २४ धावा काढल्या. जिंकायला फक्त पाच धावा उरल्या तेव्हा दीप दासगुप्ताबरोबर सलामीला त्यालाच पाठवलं गेलं. त्या पाचही धावा त्याच्याच बॅटमधून आल्या आणि भारत दहा गडी राखून जिंकला. पुढची कसोटी अहमदाबादला होती. त्या संघात तो नव्हता, आणि नंतर कधीच नव्हता.

आता पूर्वपक्ष मांडायचा तर त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. मोडायला सोपा जावा म्हणून लेचापेचा करून मांडला, तर त्या खंडनाला अर्थ राहत नाही. पूर्वपक्ष असा: कसोटी क्रिकेट ही सर्वोच्च परीक्षा आहे. तिथे जागा अकरा आणि इच्छुक शेकडो. निवड समितीचं काम नाजूक असलं, तरी वर्षानुवर्षांच्या हिशेबात ती फारशी चुकत नाही. खरोखर चांगला गोलंदाज आज वगळला गेला तरी उद्या परत येतो, कारण संघाला बळी हवे असतात आणि बळी घेणाऱ्याला कुणी फार काळ घरी बसवत नाही. तेव्हा जो एकदाच आला आणि परतला नाही, त्याच्यात काहीतरी कमी असलंच पाहिजे. देशी सामन्यांतले ढिगभर बळी हा त्यावरचा जबाब होऊ शकत नाही, कारण देशी फलंदाज आणि आंतरराष्ट्रीय फलंदाज यांच्यात अंतर आहे.

हा युक्तिवाद ऐकायला भरभक्कम आहे. पण त्याची पहिलीच पायरी निखळते. तो गृहीत धरतो की खेळाडू आत येतो तो त्याच्या गुणानं आणि बाहेर जातो तो त्याच्या उणिवेनं. मोहालीत काय झालं होतं? भारतीय संघ नुकताच दक्षिण आफ्रिकेतून परतला होता. त्या दौऱ्यात सामनाधिकारी माइक डेनिस यांनी सचिन तेंडुलकरसह सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा ठोठावली होती आणि त्यावरून भारतीय मंडळ आणि आंतरराष्ट्रीय परिषद यांच्यात मोठं वादळ उठलं होतं. ते शमवण्यासाठी झालेल्या तडजोडीत वीरेंद्र सेहवागला मोहालीत बाहेर बसावं लागलं. जवागल श्रीनाथ दुखापतीमुळे नव्हता. म्हणून एकाच सामन्यात तिघांना पदार्पण मिळालं: केरळचा टिनू योहानन, औरंगाबादचा सिद्दीकी आणि बीडमध्ये जन्मलेला, रेल्वेकडून खेळणारा संजय बांगर. अहमदाबादला श्रीनाथ बरा होऊन आला, सेहवागची शिक्षा संपली, आणि सिद्दीकी व बांगर बाहेर गेले. सिद्दीकी आत आला तो श्रीनाथच्या दुखापतीनं, बाहेर गेला तो श्रीनाथच्या बरं होण्यानं. त्याच्या स्वतःच्या गोलंदाजीचा या दोन्ही घटनांशी संबंध इतकाच, की जागा रिकामी झाली तेव्हा दारात उभं राहण्याइतकी पुण्याई त्यानं रणजीत कमावली होती.

आपल्या न्यायशास्त्रात यासाठी नेमकी चिकित्सा आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापाशी नवशिक्यालाही ती शिकवतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण उलटं करून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं तर ते टिकत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला अग्नीच्या जोडीला ओलं सरपण लागतं. या मधल्या, न सांगितलेल्या अटीला उपाधी म्हणतात, आणि उपाधी सापडली की अनुमान कोसळतं. 'जिथे कुवत तिथे कसोटी' या अनुमानातली उपाधी म्हणजे रिकामी जागा. पद्माकर शिवलकर हे तापलेल्या लोखंडाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, सरासरी वीसच्या आत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच. कसोट्या? एकही नाही. कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते आणि डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच कथा. शिवलकर ३ मार्च २०२५ ला वारले तेव्हा सगळी वर्तमानपत्रं हळहळली. पण त्या हळहळीतून तर्काचा जो धडा निघतो तो कुणी सिद्दीकीला लावून पाहिला नाही. शून्य कसोट्या खेळलेल्या शिवलकरांना आपण थोर म्हणतो आणि एक कसोटी खेळलेल्याला कमी कुवतीचा ठरवतो. शून्याला जे माप लावत नाही, ते एकाला का लावायचं?

पूर्वपक्षाचा दुसरा आधार म्हणजे त्या सामन्यातले आकडे: एक बळी, ४८ धावा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आकड्यांचं नाव घेतलं की माणसं वाद सोडून देतात, आणि हाच आकडा सगळ्यात कमी बोलणारा आहे. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला एका जाडजूड लेगस्पिनरनं भारताविरुद्ध पदार्पण केलं. रवी शास्त्रीच्या द्विशतकाच्या त्या डावात त्याला एक बळी मिळाला, १५० धावांत. पुढच्या कसोटीत ७८ धावा देऊन एकही नाही. दोन कसोट्या, २२८ धावा, एक बळी. ऑस्ट्रेलियाकडे त्या वर्षी दुसरा बरा फिरकीपटू असता, तर शेन वॉर्न हे नाव मेलबर्नच्या स्थानिक क्रिकेटबाहेर फारसं कुणाला माहीतही झालं नसतं. तो पुढे ७०८ बळींपर्यंत गेला, कारण त्याला तिसरी, चौथी, दहावी कसोटी मिळाली. सिद्दीकीचे पदार्पणातले आकडे वॉर्नपेक्षा सरस आहेत. यावरून सिद्दीकी वॉर्नइतका मोठा झाला असता असं कुणी म्हटलं तर ते हास्यास्पद ठरेल. पण 'एका कसोटीत काही केलं नाही, म्हणून केलंच नसतं' हे विधान तितकंच हास्यास्पद आहे, आणि ते मात्र आपण रोज करतो.

उलट बाजूचं उदाहरण नीलेश कुलकर्णीचं. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा मैदान. मुंबईकडून खेळणारा हा उंच डावखुरा फिरकीपटू कसोटीतला आपला पहिला चेंडू टाकतो आणि मारवन अटापट्टू बाद होतो. कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. त्या क्षणी कुणी निकाल लावला असता तर काय लावला असता? मग सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली, श्रीलंकेनं सहा बाद ९५२ वर डाव घोषित केला, आणि कुलकर्णीचे आकडे झाले ७० षटकं, १९५ धावा, एक बळी. उरलेल्या ४१९ चेंडूंवर काहीच नाही. त्याच्या कसोट्या झाल्या तीन आणि बळी दोन. देशी क्रिकेटमध्ये मात्र त्यानं साडेतीनशेहून अधिक फलंदाज बाद केले. पहिला चेंडू खरा की पुढचे ४१९? दोन्ही खरे, पण त्यांच्यातून माणसाच्या गोलंदाजीविषयी काही ठरत नाही. प्रेमदासाच्या त्या खेळपट्टीविषयी मात्र बरंच ठरतं. नरेंद्र हिरवाणीनं जानेवारी १९८८ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणातच १३६ धावांत सोळा बळी घेतले आणि तरी त्याच्या कसोट्या सतरावर थांबल्या. एका सामन्यात सोळा बळी घेऊनही पुढची वीस वर्षं ठरत नसतील, तर एका सामन्यातल्या एका बळीनं ती कशी ठरतील?

छोट्या कारकिर्दीचा हा प्रश्न फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या दुय्यम साखळ्यांत वर्षानुवर्षं राबून वरच्या, मेजर लीगच्या सामन्यात एखाद्या आठवड्यापुरते चमकून परत खाली गेलेले पिचर शेकड्यांनी आहेत. त्यातला लॅरी यूंट मला नेहमी आठवतो. १५ सप्टेंबर १९७१ ला ह्यूस्टनच्या संघानं त्याला मैदानात बोलावलं. सराव म्हणून काही चेंडू टाकताना त्याचं कोपर दुखू लागलं आणि तो परतला. त्याच्या नावाची घोषणा झालेली असल्यामुळे मेजर लीगच्या दप्तरात त्याचा एक सामना नोंदलेला आहे. सामन्यात टाकलेले चेंडू शून्य. त्यानंतर तो त्या पातळीवर कधीच खेळला नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन यूंट पुढे बेसबॉलच्या सन्मानदालनात पोहोचला. 'एक सामना' ही नोंद लॅरीच्या कुवतीबद्दल काय सांगते? त्या दिवशी त्याचं कोपर दुखत होतं एवढंच.

आपल्याकडच्या एका कसोटीच्या गोलंदाजांची यादी पाहिली तर कारणं अशीच पांगलेली दिसतात. सलील अंकोला सोलापूरचा. १९८८-८९ मध्ये महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणात हॅट्‌ट्रिक घेऊन तो झपाट्यानं वर आला आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला सचिन तेंडुलकरबरोबर एकाच सामन्यात कसोटीत उतरला. दोन बळी मिळाले, दुखापत झाली, आणि ती कसोटी पहिली तशी शेवटची ठरली. एकदिवसीय सामने तो वीस खेळला. मग नडगीतल्या हाडाच्या गाठीनं तिशीच्या आतच त्याचं क्रिकेट संपवलं. कोल्हापूरचे सदाशिव पाटील डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्नवर न्यूझीलंडविरुद्ध खेळले, दोन बळी घेतले, भारत डावानं जिंकला, आणि त्यांना परत बोलावणं आलं नाही. एकाचं शरीर आडवं आलं, एकाचा संघ जिंकूनही दार बंद झालं, एकाच्या जागेचा मालक बरा होऊन आला. परिणाम एकच, कारणं वेगळी. तेरणा नदीला किल्लारीजवळ पाणी वाढलेलं दिसलं तर वर पाऊस झाला असेल, किंवा माकणीच्या धरणातून पाणी सोडलं असेल. नदीकाठी उभ्या माणसाला नुसतं पाणी बघून कारण सांगता येत नाही. अशा अनुमानावरचा हा आक्षेप न्यायसूत्रांइतका जुना आहे.

इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या मताचे लोक खूश होतात. "म्हणजे अन्यायच झाला ना?" तसं मी म्हटलेलं नाही. अन्यायाची तक्रार त्याच खोट्या मापावर उभी आहे, हे मी सुरुवातीलाच म्हटलं, आणि मोहालीचा तोच सामना तिला उत्तर देतो. 'मराठवाड्याच्या पोराला वर येऊ देत नाहीत' असं म्हणणाऱ्यांनी त्या अकरा जणांची यादी पुन्हा वाचावी. एका औरंगाबादच्या आणि एका बीडच्या खेळाडूनं एकाच दिवशी भारताची टोपी घातली. दोघंही एकाच वेळी वगळले गेले. पण बांगर दोन महिन्यांनी परतला, फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद शतक ठोकलं, आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडला हेडिंग्लेच्या ढगाळ, चेंडू नाचवणाऱ्या हवेत सलामीला जाऊन ६८ धावा केल्या. त्या दिवशी राहुल द्रविडबरोबरच्या त्याच्या १७० धावांच्या भागीदारीनं भारताच्या डावाच्या विजयाचा पाया घातला. परदेशातल्या भारताच्या मोठ्या विजयांच्या आठवणी निघाल्या की या ६८ धावांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बांगरच्याही कसोट्या बारावर थांबल्या, वर्षभरात. त्यालाही 'थोडक्यात आटोपलेला' म्हणणारे आहेत. मग हेडिंग्लेच्या त्या सकाळीचं काय करायचं? बारा कसोट्यांचा माणूस एका सामन्यात असं काही करून गेला, जे शंभर कसोट्यांचे अनेक सलामीवीर तिथे करू शकले नाहीत.

सार्वत्रिक विधान मोडायला एक उदाहरण पुरतं, उभारायला एक पुरत नाही. किल्लारीच्या माणसाला हे तर्काच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास इथली जमीन हलली. तोवर दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानलं जात होतं आणि देशाच्या नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात रंगवलेला होता. कोयनेचा १९६७ चा धक्का धरणाशी जोडून वेगळा काढला गेला होता. एका पहाटेनं 'इथे भूकंप होत नाही' हे विधान कायमचं मोडलं, आणि त्याची किंमत या पंचक्रोशीतल्या हजारो माणसांनी दिली. त्या दुःखाला खेळाच्या वादात ओढायचा माझा हेतू नाही. मला दाखवायचं आहे ते त्यानंतरचं. त्या एका घटनेवरून 'सगळं पठार आता हलणार' असं शहाण्या माणसानं म्हटलं नाही. उपकरणं बसली, जमिनीच्या पोटात खोलवर पाहिलं गेलं, आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, जाणवलेले छोटे धक्के नव्यानं तपासले गेले, आणि २००२ मध्ये नकाशा बदलून हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. जुनं विधान मोडायला एक पहाट पुरली, नवं मांडायला नऊ वर्षांचं मोजमाप लागलं. सिद्दीकीची ती कसोटी 'आपल्याकडून कुणी पोहोचत नाही' हे विधान मोडते. त्याच्या कुवतीबद्दलचं विधान तिच्यावर उभारता येत नाही. ते उभारायचं तर दीर्घ मोजमाप पाहिजे, आणि ते उपलब्ध आहे: ९० सामने, ३१५ बळी.

आता मंडन. या ३१५ बळींचा अर्थ काय? सामन्याला साडेतीन. मध्यमगती गोलंदाजाला हे देशातल्या खेळपट्ट्यांवर मिळवावे लागले. पुण्याच्या नेहरू स्टेडियमसारख्या मैदानांवर हिवाळ्यातल्या सकाळचा पहिला तास सोडला तर वेगवान गोलंदाजाला जमीन काही देत नसे. पुणं हे धावांचंच शहर. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या त्या इथेच. (त्यांनाही कसोटीची टोपी मिळाली नाही, हे आठवावं.) नव्वदच्या दशकात रणजीची साखळी विभागवार असे. महाराष्ट्र पश्चिम विभागात, म्हणून साखळीत दरवर्षी मुंबईशी गाठ. त्या दशकात मुंबई पुन्हा पुन्हा रणजी करंडक जिंकत होती. म्हणजे सिद्दीकीसारख्याला साखळीतच देशातल्या सगळ्यात चिवट फलंदाजीपुढे चेंडू टाकावा लागे. वर महाराष्ट्राचा संघ असा, की ज्यानं रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये, देवधरांच्या काळात. विजेत्या संघातल्या गोलंदाजाकडे निवड समितीचं लक्ष आपसूक जातं. मधल्या फळीतल्या संघातल्या गोलंदाजाला दर मोसमात स्वतःच्या आकड्यांनी दार ठोठवावं लागतं. नव्वद सामने म्हणजे नव्वद वेळा कुणीतरी चिकित्सेनं निवडलं. आज हा लांब पल्ल्याचा गोलंदाज टिकतो का, पाठ दुखत असताना तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरा नवा चेंडू हातात घेतो का, गतवर्षी त्याला झोडपलेल्या फलंदाजाला यंदा वेगळ्या टप्प्यावर पकडतो का, या प्रश्नांची उत्तरं एका कसोटीत मिळत नाहीत. ती दहा-बारा मोसमांतच मिळतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. रणजीतले ३१५ बळी म्हणजे कसोटीतले ३१५ नव्हेत. रणजीत ढिगानं बळी घेणारे कसोटीत फिके पडल्याची उदाहरणं आहेतच. मान्य. पण माझा दावा तेवढा मोठा नाहीच. सिद्दीकी कसोटीत मोठा झाला असता, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की तो झाला असता की नसता हे ठरलं नाही, आणि न ठरलेल्या गोष्टीचा निकाल लावून माणसाला एका खान्यात टाकणं गैर आहे. दुसरं असं की रणजी क्रिकेट ही कसोटीची नुसती पायरी नाही. ते स्वतःचं एक मोठं काम आहे. गावोगावच्या गुणी पोरांना कसलेला विरोधक मिळतो तो तिथे. उद्याच्या कसोटी फलंदाजाची उणीव आधी उघडी पडते ती तिथल्या एखाद्या मध्यमगती गोलंदाजाच्या आत येणाऱ्या चेंडूवर. सत्तरच्या दशकातले महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर कसोटी खेळले नाहीत, पण ६३ प्रथम श्रेणी सामन्यांत २१४ बळी घेताना त्यांच्या वेगानं ज्या फलंदाजांना मागे सरकायला लावलं, ते फलंदाज त्यातून शिकूनच पुढे गेले. हे श्रेय कसोटीच्या तक्त्यात कुठे दिसत नाही. म्हणून ते नाहीच, असं होत नाही.

एवढा खटाटोप एका जुन्या सामन्यासाठी कशाला, असं कुणी विचारेल. मला तो करावासा वाटतो तो आजच्या मुलांसाठी. भूकंपानंतर वसलेल्या किल्लारीच्या नव्या वसाहतीत रस्ते रुंद आहेत, मोकळ्या जागा बऱ्याच आहेत, आणि संध्याकाळी तिथे टेनिस बॉलवर लांब रनअप घेणारी मुलं दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या हातात खरोखर काही असतं. त्याची वाट लातूर जिल्ह्याच्या संघातून पुण्याच्या निवड चाचणीपर्यंत जाते. रात्रीची एसटी, सकाळी मैदान, दोन-चार षटकं, आणि परत. त्या पोराला घरून, शाळेतून, पारावरून एकच गोष्ट सांगितली जाते: "इंडिया खेळला तर खेळला, नाहीतर गेलं वाया." महाराष्ट्राच्या संघात जाऊन दहा वर्षं मान खाली घालून चेंडू टाकावा, रणजीत तीनशे बळी घ्यावेत, ही गोष्ट त्याच्यासमोर ध्येय म्हणून ठेवलीच जात नाही. ठेवली, तर 'एकच कसोटी खेळला' असं म्हणत तिची टिंगल होते. मग अठराव्या वर्षी चाचणीत नाव आलं नाही की पोरगं खेळ सोडतं. क्रिकेटचा पाया ज्या पातळीवर आहे, ती पातळीच आपण आपल्या मुलांसमोर मातीमोल करून ठेवली आहे.

आणि निकालाची घाई आता आणखी वाढली आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर किल्लारीहून फार लांबचा नाही. २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. लगेच चेन्नई सुपर किंग्जनं त्याला दीड कोटीला घेतलं. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत, आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात, त्यानं ३६ धावांत तीन बळी घेतले. त्या मोसमात त्याला मिळाले ते दोन सामने. पहिल्या सामन्याच्या रात्री तो आपल्या भागाचा हिरो होता. वर्षभरात "संपला तो" असं मी पारावर ऐकलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. दोन सामन्यांत कुणी संपत नाही आणि दोन सामन्यांत कुणी सिद्धही होत नाही. त्याला मोजायचंच असेल तर महाराष्ट्राच्या चार दिवसांच्या सामन्यांचे धावफलक दर हिवाळ्यात उघडून बघा. किती षटकं टाकली, तिसऱ्या दिवशी किती, नव्या चेंडूनं किती, जुन्यानं किती, दुखापतीनंतर परत किती, हे तिथे लिहिलेलं असतं. असे दहा मोसम झाले की मग त्याच्याबद्दल बोलू.